दिवाडीची वाट आणि घडीची सायकल

जुन्या गोव्याच्या समोर, मांडवी नदीच्या पात्रात, दिवाडी नावाचे एक हिरवेगार बेट आहे. आमची थोरली बहीण पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या बेटावर गेली आणि तेथलीच झाली. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी प्रभूच्या घरी गेले. मुले आखातात आहेत. गेल्या पावसाळ्यात अक्का अंगणात घसरून पडली, तेव्हा दोन दिवसांनी ती बातमी आम्हांस कळली. त्या दिवशी आम्ही मनाशी ठरविले की, यापुढे दर महिन्याला एकदा तरी तिच्याकडे जावयाचे.

ठरविणे सोपे असते. आमचे गाव खानापूर तालुक्यात, बसस्थानकापासून सहा किलोमीटर आत. तेथून रामनगर, अनमोड, मोले आणि फोंडा करीत जाणारी बस आपल्याला जुन्या गोव्यास सुखाने उतरविते. पुढे धक्क्यापर्यंत सुमारे एक किलोमीटर चालणे, मग फेरीबोट, आणि नदीपार झाल्यावर अक्काच्या घरापर्यंत आणखी सहा किलोमीटर. कारण तिचे घर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्याच्या बाजूस आहे. म्हणजे प्रवासाचा मोठा भाग बसच्या खिडकीशी आरामात जातो, आणि दोन्ही टोकांचे लहान लहान तुकडेच काय ते जीव काढतात. आमचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. रिक्षा मिळाली तर मिळाली. परतीची बस चुकू नये म्हणून अक्काकडे पोहोचताच घड्याळाकडे पाहावे, चहा घ्यावा आणि उठावे, असे दोनतीन वेळा झाले. “आलास कधी नि निघालास कधी!” असे ती दारात उभी राहून म्हणे, आणि तिचे ते बोलणे परतीच्या सबंध वाटेवर आमची सोबत करी.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आमच्या धर्मग्रामातील एक कॉलेजकुमार विजेवर चालणारी, घडी होणारी सायकल घेऊन आला. त्याने दोन खटके उघडले, सायकल मधोमध दुमडली, हँडल खाली पाडले आणि ते सारे गाठोडे आपल्या काकाच्या मोटारीच्या डिकीत ठेवून दिले. आमच्या मनात आले, आपला प्रश्न दोन्ही टोकांचा आहे; मधला प्रश्न बस सोडवितेच. तर मग दोन्ही टोकांना चालेल आणि मध्ये बसमध्ये बसेल असे वाहन आपल्याला का नसावे? भाताच्या पैशांतून पस्तीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. तेवढ्यात जे बसेल ते घ्यावयाचे, अधिक नाही, असे घरात ठरले.

आम्ही साधी सायकल चाळीस वर्षे चालविली. परंतु विजेच्या सायकलीच्या बाबतीत आम्ही पहिल्या इयत्तेतले विद्यार्थी. म्हणून बेळगावास तीन दुकाने हिंडलो, प्रश्न विचारले, घरी येऊन कागदावर आकडे मांडले, आणि मगच पैसे मोजले. त्या शिकवणीतून जे पदरी पडले ते येथे सांगतो. कारण आमच्या वाचकांतही अनेकांच्या घराचा आणि बसच्या थांब्याचा, घराचा आणि देवळाचा असाच सवता सुभा असेल.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने सांगितले, “काका, एकदा चार्ज केली की पन्नास किलोमीटर.” आम्ही विचारले, “कोणत्या रस्त्यावर, किती वजनाच्या माणसाला, आणि पेडल मारीत की नुसते बसून?” त्यावर तो हसला. या पन्नासाची खरी गोष्ट अशी आहे. बॅटरीत किती शक्ती मावते हे वॅट-तासांत मोजतात. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे छापलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट-तास निघतात. ३६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तास असतील तर २७० वॅट-तास. ३६ आणि १० असतील तर ३६०. मध्यम वजनाचा माणूस स्वतः थोडेफार पेडल मारीत जात असेल, तर दर किलोमीटरला सुमारे दहा ते बारा वॅट-तास खर्ची पडतात. म्हणजे २७० वॅट-तासांच्या बॅटरीत बावीस ते सत्तावीस किलोमीटरचा भरवसा धरावा. सपाट रस्ता, हलका स्वार आणि मदत अगदी कमी घेतली, तर पन्नासही होतील. पण आपले गाव काही जाहिरातीच्या रस्त्यावर वसलेले नाही.

म्हणून पहिला धडा असा की, दुकानात जाण्यापूर्वी आपली वाट मोजावी. आमची वाट घरापासून बसपर्यंत सहा, जुन्या गोव्यात एक, दिवाडीवर सहा. जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर. या हिशेबाने २७० वॅट-तासांची बॅटरी अगदी काठावर येत होती आणि ३६० ची हवी होती. पण ३६० ची सायकल पस्तीस हजारांत बसेना, शिवाय ती अधिक जड. तेव्हा आमच्या मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला, “अक्कांच्या घरी वीज नाही का?” आम्ही निरुत्तर झालो. चार्जर जेमतेम अर्ध्या किलोचा. पिशवीत घालून नेता येतो. ४२ व्होल्ट आणि २ अँपिअरचा चार्जर चौऱ्याऐंशी वॅट देतो, म्हणजे छताच्या पंख्याहून थोडीशीच अधिक वीज ओढतो आणि घरातल्या साध्या सॉकेटवर चालतो. रिकामी बॅटरी त्यावर साधारण चार तासांत भरते, आणि एक युनिट विजेत ती तीन वेळा भरावी इतका तिचा खर्च. अशा रीतीने मोठ्या बॅटरीचा मोह सुटला.

दुसरा धडा वजनाचा. घडीची सायकल पाहताना प्रत्येक जण ती किती झटकन दुमडते तेच पाहतो. ती उचलावी लागणार आहे हे विसरतो. मोटार आणि बॅटरी धरून अशा सायकली अठरा ते पंचवीस किलो भरतात. आम्ही जी घेतली ती एकोणीस किलोंची आहे, म्हणजे घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरहून तीनचार किलो अधिक. दुकानदाराला आम्ही म्हटले, “दुमडून दाखवू नका, आम्हांला दुमडू द्या.” मग ती आम्हीच दुमडली, उचलली आणि दुकानाच्या पाच पायऱ्या चढून पुन्हा उतरलो. तेवीस किलोंची एक देखणी सायकल या परीक्षेत नापास झाली. खरे म्हणजे ती नव्हे, आम्हीच नापास झालो. काही स्वस्त सायकलींत आजही शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्यांची किंमत कमी, पण जेथे लिथियमची बॅटरी दोनतीन किलोंत भागते तेथे शिशाची दहा-बारा किलो होते. घडीच्या सायकलीला ती मुळीच शोभत नाही.

तिसरा धडा कायद्याचा. आपल्या देशाच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, पेडलला मदत करणाऱ्या ज्या सायकलीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी आहे आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग येताच किंवा पेडल थांबताच जिची मदत बंद होते, ती मोटार वाहनात गणली जात नाही. तिला नोंदणी नको, नंबर नको, चालविणाऱ्यास परवाना नको. मात्र मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीचा दाखला तिला असला पाहिजे. तो दुकानदाराकडे मागावा. एका ठिकाणी आम्हांस हळूच सांगण्यात आले की, “एक वायर काढली की चाळीसने पळते.” अशी वायर काढलेली सायकल मग कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही, आणि लहान चाकांची ती चीज चाळीसच्या वेगाने खड्ड्यात गेली तर आपणही धड राहत नाही. हेल्मेटची सक्ती नसली तरी आम्ही ते घालतो. कायदा डोक्याची किंमत ठरवीत नसतो.

चौथी गोष्ट नवशिक्याने विशेष लक्षात ठेवावी. स्वस्त सायकलींत बहुधा पेडल फिरते की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. आपण जोर किती लावतो हे त्याला कळत नाही. त्यामुळे पेडल अर्धेअधिक फिरले की मोटार एकदम जागी होते आणि सायकल पुढे झेप घेते. पहिल्या दिवशी आम्ही खळ्यातून थेट गवताच्या गंजीत शिरलो, तो प्रताप याच झेपेचा. यावर दोन उपाय आहेत. एक, मदतीच्या पायऱ्या असतात त्यांतील सर्वांत खालच्या पायरीवरच आठ दिवस चालवावी. दुसरा, ब्रेकचा दांडा दाबताच मोटार बंद पडते की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे; ज्या सायकलीत ही सोय नाही ती घेऊ नये. सायकल धरून चालताना मोटार बंदच ठेवावी.

पाचवी गोष्ट खटक्यांची. मधली बिजागरी आणि हँडलची बिजागरी, दोन्हींचे खटके निघण्यापूर्वी प्रत्येक वेळी हाताने ओढून पाहावेत. खटक्यावर आणखी एक लहान अडसर असेल तर उत्तम. बिजागरी आताच खुळखुळत असेल तर वर्षभराने ती काय करील याचा विचार करावा. सायकलीवर किती वजन चालेल ते पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ घडीच्या सायकलींची मर्यादा शंभर किलोंच्या आतबाहेर असते. नवरा, बायको आणि भाजीची पिशवी असा संसार तिच्यावर मांडू नये.

ही घडीची कल्पना आली कोठून, असे आमच्या मनात आले. शोध घेता एक गोड गोष्ट हाती लागली. आजच्या घडीच्या सायकलींत जिचे नाव जगभर आदराने घेतात ती ब्रॉम्प्टन सायकल अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने १९७५ च्या सुमारास लंडनमधील आपल्या राहत्या खोलीत तयार केली. त्याच्या खिडकीतून समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे कॅथलिक चर्च दिसे. त्यावरूनच त्याने सायकलीला नाव दिले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरी संघाचे ते देऊळ. हा संघ इंग्लंडात आणला कार्डिनल न्यूमन यांनी, ज्यांना १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संतपद मिळाले. त्या सायकलीची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. पण देवळाकडे पाहत कोणी तरी सायकल दुमडावयास शिकला, हे कळल्यावर आमच्या साध्या सायकलीविषयीही आम्हांस अधिक आपुलकी वाटू लागली.

येथे आखातात मुले असणाऱ्या आईबापांस एक सूचना. आमच्या भाच्याने फोनवर सांगितले, “मामा, घेऊ नका. मी सुट्टीत येताना विमानाने घेऊन येतो.” त्याचे मन मोठे; पण प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, हातात नाही आणि सामानातही नाही. बिनबॅटरीची सायकल आणून येथे बॅटरी शोधीत हिंडण्यापेक्षा, जेथे दुरुस्ती होईल तेथूनच घेणे शहाणपणाचे. बॅटरी ही काही जन्माची सोबतीण नव्हे. साधारण पाचशे ते आठशे वेळा भरल्यावर तिचा दम कमी होतो आणि नवी घ्यावी लागते. नव्या बॅटरीला पुष्कळदा सायकलीच्या किमतीचा पाव ते तिसरा हिस्सा लागतो. म्हणून विकत घेतानाच विचारावे की, हीच बॅटरी तीन वर्षांनी मिळेल काय आणि किती रुपयांस? या प्रश्नाचे सरळ उत्तर तीन दुकानांपैकी एकाने दिले. आम्ही सायकल त्याच्याकडून घेतली. चौतीस हजार पाचशे पडले. उरलेल्या पाचशेंत कुलूप आणि हवेचा पंप आला.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणापूर्वीच्या नोव्हेनाचे दिवस होते. दर वर्षी २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होतो आणि ३ डिसेंबरला सण. पहाटे घरातून निघालो. सहा किलोमीटरचा तो कच्चा-पक्का रस्ता, जो पायी जाताना दीड तास खातो, तो पंचवीस मिनिटांत सरला. बसस्थानकावर कंडक्टरने आमचे गाठोडे पाहून कपाळास आठ्या घातल्या. “सायकल चालणार नाही, काका.” आम्ही म्हटले, “ही सायकल नव्हे, सामान आहे. सामानाचे तिकीट द्या.” त्याने ते गाठोडे दोन बाजूंनी पाहिले, स्वतः हात लावून मागच्या डिकीत सरकविले आणि तिकीट फाडले. बॅटरी मात्र आम्ही काढून पिशवीत, आपल्या पायाशी ठेवली. डिकीत आपटणे आणि तापणे या दोन्ही गोष्टी तिला मानवत नाहीत. अनमोडचा घाट उतरताना धुके वर चढत होते आणि बिनपगारी कामावर लागलेल्या आमच्या सायकलीचे खालून अधूनमधून खडखडणे ऐकू येत होते.

जुन्या गोव्यास उतरलो तो यात्रेकरूंची दाटी. बेळगाव, सावंतवाडी, कारवार अशा चहूंकडून पायी आलेले भाविक पाय धूत होते, झाडाखाली टेकले होते. आम्ही सायकल एका खांबाला कुलूप लावून ठेवली (घडी झाली तरी कुलूप हवेच) आणि बॉम जेझस बासिलिकेत जाऊन संताच्या समाधीपुढे घटकाभर गुडघे टेकले. १५९४ साली पायाभरणी होऊन १६०५ साली आशीर्वादित झालेले ते मंदिर. बाहेर आलो तेव्हा आमच्याच सीमाभागातला एक पदयात्री, अनवाणी, सायकलीकडे पाहत उभा होता. “काका, हे बरं आहे. चालायचं कामच नाही,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी आम्ही थोडे शरमलो. मग म्हटले, “बाबा, संताकडे जायचे ते पायीच. ही बहिणीकडे जाण्यासाठी आहे.” तो हसला आणि म्हणाला, “मग लवकर जा. बहिणी वाट बघतात.”

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतार धक्क्याकडे जातो. मूळ कमान सोळाव्या शतकाच्या अखेरची. पडझड झाल्यावर १९५४ साली ती पुन्हा बांधण्यात आली. धक्क्यावर फेरीबोट नुकतीच पलीकडे गेली होती. उभे राहून आम्ही आठवीत होतो की, ज्या संताच्या समाधीपुढून आलो ते संत झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहतच प्रभूकडे गेले. नावेची वाट पाहणे हा या संताच्या घरचाच उपवास म्हणावयाचा. दहा मिनिटांत आम्ही कशाला कुरकुर करावी?

फेरीबोटीत चढताना मात्र सावधगिरी हवी. बोटीचे लोखंडी फळे आणि धक्क्याचा उतार दोन्ही ओले, शेवाळलेले असतात. लहान चाकांची सायकल तेथे चालवू नये. मोटार बंद करून हाताने धरून न्यावी. नदीचे पाणी येथे भरतीच्या वेळी खारे होते. ते साखळीला लागले तर घरी गेल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब द्यावेत. पाण्याचा जोराचा फवारा मोटारीवर मारू नये.

पलीकडे उतरलो आणि दिवाडीचा सरळ रस्ता समोर उघडला. दोन्ही बाजूंना खाजण शेते. भरतीचे खारे पाणी शेतांत शिरू नये म्हणून बांध घातलेले, आणि त्या बांधांत मानशी, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी लाकडी दारे. कापणी झालेल्या खाचरांत बगळे उभे होते. मदतीच्या पहिल्या पायरीवर सायकल गुणगुणत निघाली. ज्या रस्त्यावर पूर्वी आमचे डोळे केवळ पुढच्या वळणावर असत, तो रस्ता आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, असे म्हटले तरी चालेल.

पिएदाद गावात आल्यावर टेकडीवर करुणामातेचे चर्च दिसू लागले. अक्काच्या घरी जाण्यासाठी वर चढण्याचे कारण नव्हते. परंतु सायकलीची आणि आपली परीक्षा घ्यावी अशी इच्छा झाली. या परीक्षेचा निकाल असा. चाकाच्या तुंब्यात बसविलेली लहान मोटार वेगात असेपर्यंतच नेटाने ओढते. चढावर वेग मोडला की तिचा दम जातो आणि ती तापते. म्हणून चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा, वेग धरावा आणि पेडल मारून तिला हात द्यावा. आम्ही हे मध्येच विसरलो, सायकल रेंगाळली, आणि शेवटचा तुकडा आम्ही उतरून चाललो. त्यात लाज ती कसली? वर पोहोचलो तेव्हा नदीपलीकडे जुन्या गोव्याची पांढरी देवळे उन्हात चमकत होती. इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या अंगाला घिसाल्लो नावाच्या खिंडीत मरियामातेचे एक छोटे देऊळ आहे. त्या मातेला परमगुरू पायस बारावे यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तेथेही चढूनच जावे लागते. देवमाता उंचावर उभी राहते आणि लेकरांना दम लागलेला पाहते, हा तिचा जुनाच परिपाठ दिसतो. आम्ही एक ‘नमो मरिया’ म्हटली आणि ब्रेक हळूहळू दाबीत उतरलो.

नार्व्याच्या वाटेवर आणखी एक आठवण सांगण्याजोगी आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या दिवाडीवरच्या नार्व्यात होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा भक्तांनी देव नदीपार डिचोलीच्या बाजूस नेला. त्या पलीकडच्या गावाचेही नाव नार्वेच, आणि तेथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. एका नदीच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावे, आणि मध्ये फेरीबोट. दुखावलेल्या इतिहासावरून आजही रोज दोन्ही काठांची माणसे शांतपणे ये-जा करतात.

अक्काच्या दारात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मीटरवर चौदा किलोमीटर आणि बॅटरी अर्ध्याहून खाली. ती काठी टेकीत बाहेर आली, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, “केवढ्याला पडली?” आम्ही सांगितले. “अरे देवा! एवढ्यात एक गाय आली असती.” “गाय बसमध्ये घेत नाहीत, अक्का,” आम्ही म्हटले. त्यावर ती पुष्कळ दिवसांनी मोकळी हसली.

पुढची हकिकत सांगण्यापूर्वी आमच्या वाचकांसाठी चार शब्द. घडीची सायकल सर्वांनी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याला ती बसमध्ये, बोटीत वा माडीवर उचलून न्यावयाची नाही, त्याने घडीचे पैसे देऊ नयेत. तेवढ्याच पैशांत मोठ्या चाकांची, खड्ड्यांना दाद न देणारी साधी विजेची सायकल अधिक चांगली येते. ज्याची जुनी सायकल धडधाकट आहे, त्याने तिला जाणत्या कारागिराकडून मोटार बसवून घेण्याचाही विचार करावा. ज्याचा रस्ता चढाचा आहे, त्याने आपल्या चढावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅटरी तिच्याच चार्जरने भरावी, रात्री झोपताना लावून ठेवू नये, बिछान्याजवळ किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी भरू नये. उन्हातून आल्यावर ती निवू द्यावी. फुगली तर वापर त्या क्षणी थांबवावा. महिनाभर काम नसेल तर अर्धी भरून ठेवावी, रिकामी ठेवू नये. आणि सर्वांत मुख्य, आपल्याला कोठे जावयाचे आहे ते आधी ठरवावे. वाट ठरली की सायकल आपोआप ठरते. सायकल आधी घेतली, तर ती पडवीत उभी राहते आणि मुले तिच्यावर कपडे वाळत घालतात.

असो. बॅटरी निवल्यावर आम्ही चार्जर ओसरीवरच्या सॉकेटला लावला. त्यावरचा लहानसा दिवा लाल झाला. अक्काने विचारले, “हा लाल कशाला?” “भरते आहे. भरली की हिरवा होईल. अडीच तास तरी लागतील. तोवर मला निघता यावयाचे नाही. परतीला बॅटरी पुरणार नाही.” ती काही बोलली नाही. आत गेली. चुलीवर आंबट-तिखट माशाची आमटी झाली, भात झाला. आम्ही जेवलो. मग तिने पेटीतून जुनी छायाचित्रे काढली, यजमानांच्या शेवटच्या आजाराची हकिकत पहिल्यांदा सबंध सांगितली, ती पडली त्या दिवशी तिला किती भय वाटले तेही सांगितले. दोन वर्षांत या गोष्टी बोलावयास तिला वेळ मिळाला नव्हता; खरे म्हणजे आम्ही तो दिला नव्हता. घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाला कोणी दुःख सांगत नाही. मधून मधून मात्र ती मान वळवून ओसरीकडे पाही आणि म्हणे, “लाल आहे ना अजून? मग बस.”

तीन वाजण्याच्या सुमारास दिवा हिरवा झाला. आम्ही वायर गुंडाळली, दोन्ही खटके ओढून पाहिले, हेल्मेट चढविले. पूर्वी “आता कधी येशील?” या प्रश्नाला आम्ही “बघू” म्हणत असू. त्या दिवशी आम्ही तारीख सांगितली. अक्का दारापर्यंत आली, सायकलीच्या हँडलवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

“पुढच्या खेपेस ती अगदी रिकामी करून आण.”